गेर्ट्रूड कुर्त्स खासदार होत्या का? स्वित्झर्लंड, निर्वासित आणि स्त्रियांचा मताधिकार

पानगळ (धागाकर्ता)

स्वित्झर्लंडमधल्या आद्य महिला राजकारण्यांवर आणि निर्वासितांसाठी लढलेल्या स्त्रियांवर एक लेख लिहायला घेतला आहे. वाचताना गोंधळ झाला. गेर्ट्रूड कुर्त्स यांचा उल्लेख कुठे 'पहिल्या महिला राजकारण्यांपैकी एक' असा आहे, कुठे 'निर्वासितांची आई', तर एका ठिकाणी चक्क 'नोबेल मिळवणारी स्विस स्त्री' असा आहे. पण तिथे बायकांना मत मिळालं १९७१ मध्ये आणि बाई गेल्या १९७२ मध्ये. हे गणित जुळत नाही.

प्रश्न असे:
१. त्या संसदेत होत्या का? नसतील तर १९४२ मध्ये त्यांनी मंत्र्याला निर्णय बदलायला लावला म्हणतात, तो कशाच्या जोरावर?
२. १९४२ मध्ये नेमकं काय झालं? 'सीमा बंद केली' आणि मग 'सैल केली', म्हणजे काय काय बदललं?
३. संसदेत पोचलेल्या पहिल्या बायका कोण? त्यांचा निर्वासितांच्या प्रश्नाशी काही संबंध आहे का?
४. या विषयावर लिहिताना लोक कुठे घसरतात?

तारखा आणि आकडे असतील तर फार बरं होईल. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

उंबरठा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. त्या कधी निवडणुकीला उभ्याच राहिल्या नाहीत, कारण त्यांच्या कर्तबगारीच्या सगळ्या काळात तो हक्कच नव्हता. म्हणून 'राजकारणी' हे बिरुद लेखातून काढा, पण 'राजकारण केलं नाही' असंही लिहू नका. मत नसलेल्या माणसाला जेवढं राजकारण करता येतं तेवढं त्यांनी पुरेपूर केलं.

थोडक्यात चरित्र. जन्म १५ मार्च १८९०, आपेनत्सेल आउसररोडन कँटनमधल्या (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडचं घटक राज्य) लुत्सेनबेर्ग गावी. माहेरचं नाव होल. १९१२ मध्ये आल्बर्ट कुर्त्स या शिक्षकाशी लग्न झालं आणि त्या बर्नला आल्या. तीन मुलं. बर्नमधलं त्यांचं घर भिकाऱ्यांना, बेघरांना, तुरुंगातून सुटून आलेल्यांना उघडं असायचं, ही ख्याती निर्वासितांच्या आधीची आहे.

पुढे त्या 'क्रॉइत्सरिटर' म्हणजे क्रूसाचे शिलेदार अशा नावाच्या एका ख्रिस्ती शांततावादी चळवळीत आल्या. ही चळवळ एत्येन बाख या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच-जर्मन वैर मिटावं म्हणून सुरू केली होती. नावावरून ती लढाऊ वाटते, होती नेमकी उलट. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यावर आणि नोव्हेंबरात ज्यूंवर झालेल्या हिंसाचारानंतर पळून आलेली माणसं बर्नमध्ये दिसू लागली, आणि इथून कुर्त्सबाईंचं निर्वासितांचं काम मोठं झालं. युद्धानंतर, १९४७ मध्ये, याच कामातून 'ख्रिस्ती शांतिसेवा' ही संस्था उभी राहिली. ती आजही आहे, आता तिचं नाव 'फ्रीडा'. १९५८ मध्ये झ्युरिक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. मृत्यू २६ जून १९७२, पुन्हा लुत्सेनबेर्गलाच.

नोबेलचं: १९६२ मध्ये शांततेच्या पारितोषिकासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, एवढंच. त्या वर्षीचं पारितोषिक लायनस पॉलिंग यांना मिळालं (जाहीर झालं १९६३ मध्ये). नाव सुचवणं आणि पारितोषिक मिळणं यातला फरक उडाला की 'नोबेल मिळवणारी' तयार होते. हे वाक्य बिनधास्त कापा.

---

कागदपत्री

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लेखांत इथेच गोळाबेरीज होते. 'सीमा बंद' हा एक आदेश नव्हता, आदेशांची माळ होती. आणि 'सैल केली' हाही एकच क्षण नव्हता.

आधी माणसं ओळखून घ्या. न्याय आणि पोलीस खात्याचा मंत्री एडुआर्ट फॉन श्टायगर. त्याच्या हाताखाली पोलीस विभागाचा प्रमुख हाइनरिश रोटमुंड. हाच माणूस १९३८ च्या सप्टेंबरात जर्मनीशी वाटाघाटी करत होता, आणि त्यातून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर 'जे' अक्षराचा शिक्का आला. शिक्क्याचा उपयोग साधा होता: सीमेवरच्या शिपायाला पासपोर्ट उघडताच कळावं की याला परवानगीशिवाय आत घ्यायचं नाही.

आता १९४२ चा उन्हाळा. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमधून ज्यूंना पूर्वेकडे नेणं सुरू झालं आणि माणसं जुरा डोंगर ओलांडून येऊ लागली. ३० जुलैला रोटमुंडच्याच विभागातल्या रोबर्ट येझलरने अहवाल दिला की पूर्वेकडच्या परिस्थितीबद्दलच्या बातम्या इतक्या एकमेकींशी जुळणाऱ्या आणि भीषण आहेत की परत पाठवणं आता समर्थनीय वाटत नाही. तो अहवाल हाताशी असूनही ४ ऑगस्टला ठरलं ते उलट: परदेशी नागरिकांना परत पाठवण्याचं प्रमाण वाढवायचं, त्यांच्या जिवाला धोका संभवत असला तरी. १३ ऑगस्टला रोटमुंडचं परिपत्रक निघालं. त्यातली कळीची ओळ अशी होती की केवळ वंशामुळे पळून आलेले, उदाहरणार्थ ज्यू, हे राजकीय निर्वासित धरले जाणार नाहीत. 'आम्हाला माहीत नव्हतं' या सबबीला ही तारखांची रांगच पुरेसं उत्तर आहे.

याच सुमारास बर्नच्या ज्यू दफनभूमीत लपलेलं बेल्जियमचं एक तरुण ज्यू जोडपं पोलिसांना सापडलं. त्यांना जुरा सीमेवर नेऊन पलीकडे सोडलं गेलं. पुढे त्यांची रवानगी आउश्वित्झला झाली. परिपत्रक कागदावर होतं तोवर लोक गप्प होते. राजधानीतली ही घटना कळल्यावर वर्तमानपत्रं आणि मदत संस्था पेटून उठल्या.

आणि मग २३ ऑगस्ट, रविवार. कुर्त्सबाई आणि बाझलचे बँकर पाउल ड्रायफुस-द गुन्झबुर्ग फॉन श्टायगरला भेटायला गेले. तो सुट्टीवर होता, जिनिव्हा सरोवराच्या वर, वव्हे गावाच्या डोक्यावर असलेल्या माँ पेलराँ इथे. म्हणजे भेट बर्नच्या कचेरीत झालेली नाही. बऱ्याच लेखांत 'मंत्रालयात धडक' असं रंगवलेलं असतं, ते चूक. भेटीतून निघालं काय, तर विशेष प्रकरणांत परत पाठवू नये अशी तोंडी सूचना सीमेवर गेली. १३ ऑगस्टचं परिपत्रक रद्द झालं नाही, त्याला फट पडली.

बरोबर एक आठवड्याने, ३० ऑगस्टच्या रविवारी, हाच फॉन श्टायगर झ्युरिक-ओर्लिकोन इथे तरुण प्रॉटेस्टंटांच्या मेळाव्यात बोलला. आधीच भरलेली, मोजक्या शिधासामग्रीची छोटी जीवरक्षक होडी आणि पाण्यात हजारो बुडणारे, असं चित्र त्याने उभं केलं. 'नाव भरली आहे' हे वचन तिथून पसरलं. एका रविवारी बाईंचं ऐकून फट पाडणारा आणि पुढच्या रविवारी हे बोलणारा माणूस एकच आहे. लेखात या दोन्ही तारखा शेजारी ठेवा, मंत्र्याबद्दल वेगळं काही लिहावं लागणार नाही.

---

सांजवेळ

कागदपत्री, उत्तम. एक पुरवणी. ७ सप्टेंबर १९४२ ला रोरशाख गावातल्या माध्यमिक शाळेच्या एका वर्गातल्या २२ मुलींनी थेट सरकारला सह्यांचं पत्र पाठवलं, निर्वासितांना मृत्यूच्या तोंडी परत का ढकलता म्हणून. मुली साधारण चौदा वर्षांच्या. फॉन श्टायगर भडकला, आणि हे कोणा मोठ्या माणसाने लिहून घेतलं का याची चौकशी झाली. पानगळ, 'मत नसलेल्यांचं राजकारण' असा काही धागा लेखात घेणार असाल तर हे पत्र सोडू नका.

---

पानगळ

सगळ्यांचे आभार. फारच मुद्देसूद.

पण माझा मूळ प्रश्न उरतोच. मत नाही, पद नाही, पक्ष नाही. अशा बाईला मंत्री सुट्टीत घरी बसवून ऐकतो तरी का? आणि 'फट पडली' म्हणजे प्रत्यक्षात किती दिवस?

---

कागदपत्री

का ऐकलं याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं पैशाचं. निर्वासितांचा खर्च त्या काळात मोठ्या प्रमाणावर खासगी मदत संस्थांच्या अंगावर होता. ज्यू निर्वासितांचा भार तर स्वित्झर्लंडमधल्या छोट्याशा ज्यू समाजावर आणि अमेरिकेतून येणाऱ्या मदतीवर. १९३६ पासून या संस्थांची एक मध्यवर्ती संघटना होती. सरकार एकीकडे निर्वासित नकोत म्हणत होतं आणि दुसरीकडे त्यांना पोसायला याच संस्थांवर अवलंबून होतं. त्या संस्थांनी हात वर केले असते तर सरकारची पंचाईत झाली असती. कुर्त्सबाई आणि बाझलचा बँकर हे दोघं मिळून गेले ते उगीच नाही. एकीच्या मागे चर्च आणि दुसऱ्याच्या मागे समाज व पैसा.

दुसरं, बाई कुठल्याच डाव्या पक्षाच्या नव्हत्या. शिक्षकाची बायको, श्रद्धाळू प्रॉटेस्टंट, बर्नची रहिवासी. फॉन श्टायगर बर्नच्या जुन्या खानदानातला पुराणमतवादी. समाजवादी पुढाऱ्याला त्याने 'राजकारण करतो' म्हणून उडवून लावलं असतं, या बाईंना तसं उडवणं सोपं नव्हतं.

तिसरं, त्या माणसं घेऊन बोलत. सिद्धांत मांडण्यापेक्षा अमुक एक कुटुंब, अमुक एक गाव, काल रात्री कुठून परत ढकललं, असं. अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षं एकेका प्रकरणावर पत्रव्यवहार केल्यामुळे त्यांना फायलींची भाषा येत होती.

आता फट किती टिकली. सप्टेंबरच्या २२ आणि २३ तारखेला संसदेत मोठी चर्चा झाली. बाझलचे आल्बर्ट ओएरी यांच्यासारखे सरकारी बाजूचेच काही सदस्य धोरणाविरुद्ध बोलले, पण बहुमत सरकारच्या पाठीशी राहिलं. चर्चा संपते न संपते तोच, २६ सप्टेंबरला, नव्या सूचना गेल्या. कोणाला परत पाठवायचं नाही याची यादी त्यात होती: आजारी, गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरचे, एकटी आलेली १६ वर्षांखालची मुलं, आपल्या लहान मुलांसह आलेले आईवडील, आणि स्वित्झर्लंडमध्ये जवळचे नातेवाईक असलेले. म्हणजे विशीतला, एकटा, धडधाकट ज्यू तरुण यादीबाहेर. फ्रेंच ज्यूंना तर सरसकट परत पाठवा असं होतं, कारण त्यांना त्यांच्या देशात धोका नाही असं गृहीत धरलं होतं.

मग २९ डिसेंबर १९४२. नियम पुन्हा आवळले गेले. सीमेला लागून साधारण १० ते १२ किलोमीटरचा पट्टा ठरवला गेला, आणि त्यात पकडलेल्या माणसाला परत पाठवायचं. पट्टा ओलांडून आत पोचला तर सहसा ठेवून घेत. परिणाम असा की जीव वाचणं हे चालण्यावर, वाटाड्यावर आणि अंधारावर ठरू लागलं. वाट न माहीत असलेली, म्हातारी, मुलं कडेवर असलेली माणसं पट्ट्यातच सापडत. धोरणातला हा दोष कागदावर दिसत नाही, नकाशावर दिसतो.

जिवाला धोका असलेल्या सगळ्यांना घ्या, अशी सूचना निघाली १२ जुलै १९४४ ला. तोवर ज्यूंना पूर्वेकडे नेणाऱ्या फ्रान्समधल्या बहुतेक गाड्या जाऊन चुकल्या होत्या.

---

रानवारा

थोडं उलट लिहितो. माँ पेलराँच्या भेटीभोवती जरा जास्तच आरती ओवाळली जाते. कुर्त्सबाईंबद्दल आदर आहेच, पण 'एका बाईने सीमा उघडली' हे वाक्य धोक्याचं आहे. त्या दिवसांत वर्तमानपत्रं, चर्च, मदत संस्था, विरोधी पक्ष या सगळ्यांचा एकदम दबाव होता. भेट हा त्यातला शेवटचा धक्का. आणि वर कागदपत्री यांनी दाखवलंच आहे की चार महिन्यांत दरवाजा परत ओढला गेला.

आकड्यांबद्दलही जपून. युद्धकाळातल्या स्विस धोरणाचा तपास करायला नेमलेल्या बर्जिए आयोगाने २००२ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यातले वापरण्याजोगे आकडे: युद्धकाळात सुमारे ५१,००० नागरी निर्वासित घेतले, त्यांतले सुमारे २१,००० ज्यू. सीमेवरून परत पाठवल्याच्या नोंदी साधारण २४,५०० च्या घरात. इथे दोन ठिकाणी घसरगुंडी आहे. एक, हे २४,५०० सगळे ज्यू होते असं लिहिणं. नोंदींत धर्म नेहमी नसतो. दोन, ही माणसांची संख्या आहे असं धरणं. या परत पाठवण्याच्या नोंदी आहेत. एकच माणूस दोनदा ढकलला गेला तर दोनदा मोजला जातो, आणि नोंद न करता ढकललेला मोजलाच जात नाही. म्हणून 'परत पाठवल्याच्या इतक्या नोंदी' असंच लिहावं. या आकड्यांवर अजूनही वाद चालू आहेत.

आत घेतल्यावर काय होई तेही एखाद्या परिच्छेदात यायला हवं, नाहीतर 'वाचले' एवढ्यावर गोष्ट संपते. आधी लष्कराचं स्वागत शिबिर, मग पुरुष कामाच्या छावणीत, बायका वसतिगृहात शिवण-धुण्याला, मुलं बऱ्याचदा वेगळ्या कुटुंबांत. पगाराची नोकरी करायला बंदी. मार्च १९४३ पासून जवळचा पैसा आणि दागिने जमा करून ठेवावे लागत. कुटुंबं फोडण्याच्या या पद्धतीविरुद्ध मदत करणाऱ्या बायका सतत भांडत राहिल्या. त्यातून मथळे निघाले नाहीत, पण त्यांच्या कामाचा बराच भाग हाच होता: मुलाला आईजवळ ठेवा, नवऱ्याला महिन्यातून एकदा भेटू द्या, असले अर्ज.

---

उंबरठा

रानवारांशी सहमत. 'शेवटचा धक्का' हा शब्द चांगला आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे मताधिकार आणि संसद. इथे यंत्रणा समजून घेतल्याशिवाय १९७१ चा उशीर कळत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये राज्यघटना बदलायची तर सार्वमत सक्तीचं, आणि त्यात दुहेरी बहुमत लागतं: देशभरातल्या मतदारांचं आणि कँटनांचंही. मतदार कोण, तर फक्त पुरुष. म्हणजे बायकांना मत द्यायचं की नाही हे पुरुषांनी मतपेटीतून ठरवायचं. संसदेने किंवा न्यायालयाने परस्पर देऊन टाकण्याची सोय या वाटेत नव्हती.

पहिला कौल १ फेब्रुवारी १९५९: ६६.९ टक्के विरोधात. बाजूने फक्त तीन कँटन, व्हो, नशातेल आणि जिनिव्हा. त्याच दिवशी व्होच्या पुरुषांनी आपल्या कँटनपुरता मताधिकार मात्र दिला.

मग १९६८ मध्ये सरकारने युरोपीय मानवाधिकार करारावर सही करायचा घाट घातला, तोही 'बायकांना मत नाही' हा अपवाद राखून. त्याने बायका खवळल्या. १ मार्च १९६९ ला बर्नच्या संसद चौकात सुमारे ५,००० जण जमले, शिट्ट्या फुंकल्या गेल्या, भाषण एमिली लीबरहेर यांचं. या बाई पुढे, १९७० मध्ये, झ्युरिक शहराच्या कार्यकारी मंडळातल्या पहिल्या महिला झाल्या आणि १९९४ पर्यंत तिथे राहिल्या.

दुसरा कौल ७ फेब्रुवारी १९७१: बाजूने ६,२१,१०९, विरोधात ३,२३,८८२, म्हणजे ६५.७ टक्के होकार. बारा वर्षांत आकडे जवळजवळ उलटे झाले. विरोधात राहिलेले कँटन: उरी, श्विट्स, ओबवाल्डन, ग्लारुस, दोन्ही आपेनत्सेल, सांक्ट गालेन, थुर्गाउ.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला निवडणूक झाली. नॅशनल कौन्सिलच्या, म्हणजे संसदेच्या लोकप्रतिनिधी सभागृहाच्या, २०० जागांत ११ बायका बसल्या. नावं लिहून ठेवा: एलिझाबेथ ब्लुन्शी, टिलो फ्राय, हेडी लांग, योझी मायर, गाब्रिएल नांशेन, मार्था रीबी, हान्ना झालफेल्ड-झिंगर, लिझलॉट श्प्रेंग, हान्नी टालमान, लिलियान उख्टेनहागेन, नेली विकी. कँटनांच्या सभागृहात एकच, जिनिव्हाच्या लिझ जिरार्दाँ, ज्या १९६८ मध्ये जिनिव्हाच्या पहिल्या महिला महापौर झाल्या होत्या.

तिथे एकच का? कारण त्या सभागृहाची निवडणूक कँटनच्या कायद्याने होते. जिथे कँटनने बायकांना मत दिलेलं नाही तिथून बाई जाणार कशी? जिनिव्हाने १९६० मध्येच दिलं होतं. आणि यातूनच एक विचित्र अवस्था आली. श्विट्सच्या पुरुषांनी फेब्रुवारीत नकार दिला, ऑक्टोबरात त्याच कँटनमधून ब्लुन्शी निवडून आल्या, आणि कँटनच्या मतदानात मात्र त्यांना १९७२ पर्यंत मत नव्हतं. देशाचा कायदा करायचा, घरचा नाही. सांक्ट गालेनच्या दोघींचीही, झालफेल्ड-झिंगर आणि टालमान यांची, तीच गत. ब्लुन्शी पुढे १९७७ मध्ये नॅशनल कौन्सिलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

---

सांजवेळ

या अकरांमधल्या दोघींवर लेखात थांबाच.

टिलो फ्राय: जन्म १९२३, कॅमेरूनमधल्या मारुआत, आई तिथली, वडील स्विस. नशातेलहून निवडून आल्या. स्विस संसदेतल्या आफ्रिकी वंशाच्या पहिल्या सदस्य. एकच कार्यकाळ मिळाला. २०१९ मध्ये नशातेलमधल्या एका चौकाला त्यांचं नाव दिलं, आणि आधीचं नाव होतं लुई आगासी यांचं, ज्यांनी वंशभेदाचे सिद्धांत मांडले होते.

हान्ना झालफेल्ड-झिंगर: पाद्री होत्या. तेव्हाच्या घटनेनुसार धर्मोपदेशकाला नॅशनल कौन्सिलमध्ये बसता येत नसे, म्हणून पद सोडावं लागलं. नवरा जर्मन. आणि इथे तुमच्या निर्वासितांच्या विषयाशी सांधा जुळतो. १९५३ च्या आधी परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या स्विस स्त्रीचं नागरिकत्व जायचं. युद्धकाळात जर्मन किंवा फ्रेंच ज्यू पुरुषाशी लग्न केलेली, इथेच जन्मलेली आणि वाढलेली बाई सीमेवर आली तर ती कायद्याने परकी. नवा कायदा १ जानेवारी १९५३ ला लागू झाला आणि नागरिकत्व राखून ठेवायची मुभा मिळाली. नाहीतर हान्नाबाई उमेदवारच होऊ शकल्या नसत्या. मताधिकार आणि निर्वासित हे तुम्हाला दोन वेगळे विषय वाटत असतील तर हा नागरिकत्वाचा नियम मध्ये ठेवून बघा.

---

पानगळ

हा सांधा माझ्या लक्षातच आला नव्हता. मग सत्तेत आल्यावर बायकांनी आश्रयाचं धोरण मवाळ केलं असं म्हणता येईल का?

---

रानवारा

नाही. तो मोह टाळा.

पहिला आश्रय कायदा १९७९ मध्ये झाला, १९८१ पासून लागू. २ ऑक्टोबर १९८४ ला एलिझाबेथ कॉप पहिल्या महिला मंत्री म्हणून निवडल्या गेल्या. खातं कोणतं मिळालं, तर फॉन श्टायगरचंच, न्याय आणि पोलीस. तमिळ आणि इतर आश्रय मागणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि कॉप यांच्याच काळात कायदा कडक झाला. ५ एप्रिल १९८७ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी त्याला होकार दिला. त्या मतदारांत आता बायकाही होत्या. १९८९ च्या जानेवारीत कॉप यांनी खुर्ची सोडली, नवऱ्याला केलेल्या एका फोनमुळे. त्याचा आश्रय धोरणाशी संबंध नाही, त्यात शिरू नका.

कॉप यांच्या आधी, डिसेंबर १९८३ मध्ये, वर यादीत आलेल्या लिलियान उख्टेनहागेन यांचं नाव त्यांच्या पक्षाने दिलं होतं, पण संसदेने त्याच पक्षाचा पुरुष, ओटो श्टिख, निवडला. मार्च १९९३ मध्ये पुन्हा तेच झालं, क्रिस्तियान ब्रुनर यांच्या बाबतीत. पण या वेळी निवडून आलेल्या पुरुषाने पद नाकारलं आणि आठवड्याने, १० मार्चला, रूथ ड्रायफुस निवडल्या गेल्या. १९९९ मध्ये त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या.

दुसऱ्या टोकाला सिमोनेटा सोमारुगा. तेच खातं सांभाळताना त्यांनी प्रक्रिया वेगवान करणारा आणि अर्जदाराला मोफत कायदेशीर मदत देणारा बदल आणला. ५ जून २०१६ च्या मतदानात ६६.८ टक्के होकार. एकच खातं, दोन बायका, दोन दिशा. तेव्हा 'बाई आली की दरवाजा उघडला' असं समीकरण मांडू नका.

---

कागदपत्री

ड्रायफुस यांचं नाव निघालंच आहे तर एक दुवा देतो. त्यांचे वडील सिडनी ड्रायफुस सांक्ट गालेनमध्ये ज्यू निर्वासित मदतीचं काम बघत. तिथला पोलीस प्रमुख पाउल ग्रुनिंगर १९३८ च्या प्रवेशबंदीनंतर ऑस्ट्रियाच्या सीमेवरून आलेल्यांच्या प्रवेशाच्या तारखा मागच्या टाकत असे आणि शेकडो माणसं आत घेत असे. १९३९ मध्ये त्याला बडतर्फ केलं, १९४० मध्ये दंड झाला, आणि निर्दोषत्व मिळालं १९९५ मध्ये, मरणानंतर २३ वर्षांनी. तो गेला फेब्रुवारी १९७२ मध्ये, कुर्त्सबाईंच्या चार महिने आधी.

इथे एक नियम सांगतो. ग्रुनिंगर १९३८-३९ चा, सांक्ट गालेनचा, ऑस्ट्रियाच्या सीमेवरचा. कुर्त्सबाईंची भेट १९४२ ची, फ्रान्सच्या सीमेवरच्या प्रश्नाची. दोन वेगळे काळ, दोन वेगळ्या सीमा. एकाच वाक्यात दोघांना कोंबलेले लेख मुबलक आहेत.

ग्रुनिंगरसारखे आणखीही होते ज्यांना निर्वासितांना मदत केली म्हणून शिक्षा झाली. त्या शिक्षा रद्द करणारा संघीय कायदा १ जानेवारी २००४ पासून आला.

---

उंबरठा

चौथ्या प्रश्नाचं बरंचसं वर आलंच आहे. राहिलेल्या दोन गोष्टी.

'पहिली' हा शब्द लिहिताना दरवेळी पातळी लिहा: गाव, कँटन की देश. 'स्वित्झर्लंडची पहिली महिला राजकारणी' असं काही नसतं. जिरार्दाँ पहिल्या कशात, कॉप कशात, लीबरहेर कुठे, हे वेगवेगळं आहे.

आणि 'स्विस बायकांना १९७१ मध्ये मत मिळालं' यापुढे 'संघीय पातळीवर' हे दोन शब्द हवेतच. कुर्त्सबाईंचंच बघा. देशाच्या मतदानात त्यांना हक्क मिळाला तेव्हा त्या ८१ व्या वर्षात होत्या किंवा नुकतंच ते पुरं झालं होतं, आणि पुढे आयुष्य उरलं होतं दीडेक वर्षाचं. त्यांचं जन्मगाव ज्या आउसररोडनमध्ये आहे, तिथल्या पुरुषांनी त्या फेब्रुवारीत नकार दिला होता. कँटनचा मताधिकार तिथल्या बायकांना ३० एप्रिल १९८९ ला हुंडविलच्या उघड्या सभेत, हात वर करून घेतलेल्या मतदानाने मिळाला. शेजारच्या इनररोडनने तर एप्रिल १९९० मध्येही नाहीच म्हटलं. शेवटी संघीय न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९९० ला निकाल देऊन ते करून घेतलं.

---

पानगळ

लेखाचा सांगाडा आता बदलतो. आधी 'पहिली महिला राजकारणी' असा मथळा होता, तो गेला. सुरुवात २३ ऑगस्टपासून करते, मग मागे जाऊन १३ ऑगस्टचं परिपत्रक, मग डिसेंबरचा पट्टा, आणि १९५३ च्या नागरिकत्व कायद्यावरून १९७१ कडे. कॉप आणि सोमारुगा यांना एक परिच्छेद. शंका एकच: माँ पेलराँच्या भेटीत कोण काय बोललं त्याचे संवाद काही ठिकाणी छापलेले दिसतात. घेऊ का?

---

कागदपत्री

नका घेऊ. अवतरणचिन्हांत तर अजिबात नको. भेट बंद खोलीत झाली, आणि छापून आलेलं बरंचसं नंतरच्या आठवणींवर उभं आहे. कोण, कुठे, कोणत्या तारखेला आणि त्यानंतर कोणती सूचना गेली, एवढं पक्कं आहे, आणि लेखाला तेवढं पुरतं. शब्दच हवे असतील तर १३ ऑगस्टच्या परिपत्रकातले घ्या, ते कागदावर आहेत.

क्रम मात्र एका जागी तपासा: २६ सप्टेंबरची यादी डिसेंबरच्या पट्ट्याआधी यायला हवी, नाहीतर पट्ट्यात कोणाला सूट होती ते वाचकाला कळणार नाही.